लिस्पमध्ये यादीत शोधायचं तर वेगवान काय: मेमक्यू, मेंबर, फाइंड की पोझिशन?

उघडा_कंस

गेले दोन आठवडे ईमॅक्समध्ये, म्हणजे लिस्प या प्रोग्रामिंग भाषेने वाढवता येणाऱ्या एडिटरमध्ये, एक छोटी कमांड लिहितोय. काम साधं आहे. मजकुरातला एकेक शब्द उचलायचा, तो आधी येऊन गेलाय का ते यादीत बघायचं, नसेल तर यादीत घालायचा. शेवटी न-दुहेरी शब्दांची यादी हाती यावी, एवढंच.

पहिल्या खेपेला मेमक्यू हे यादीत शोधणारं फंक्शन वापरलं, कारण "सगळ्यात वेगवान मेमक्यू" हे वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं. यादी उघडून पाहिली तर "आणि" हा शब्द तीत ओळीने पुन्हा पुन्हा. एकही शब्द वगळला गेला नव्हता. मेमक्यू तुलना करतं ईक्यूने, आणि ईक्यू विचारतं ते एवढंच: ही दोन्ही एकच वस्तू आहे का, मेमरीतला पत्ता एकच आहे का? मजकुरातून दोनदा उचललेला "आणि" म्हणजे दोन वेगळ्या स्ट्रिंग (अक्षरांच्या माळा). अक्षरं तीच, वस्तू दोन. मेमक्यू प्रत्येक वेळी यादी शेवटपर्यंत चालत गेलं आणि निल, म्हणजे लिस्पमधलं "नाही", घेऊन परत आलं.

मग मेंबर घातलं, ते ईक्वलने, म्हणजे आतला मजकूर ताडून, तुलना करतं, आणि उत्तर बरोबर आलं. पण मोठ्या मजकुरावर कमांड रेंगाळायला लागली. मग मी तुलनेच्या नादी लागलो: मेमक्यू, मेमक्यूएल, मेंबर, सीएल-फाइंड, सीएल-पोझिशन, सेक-कंटेन्स-पी, आणि डूलिस्टने हाताने लिहिलेला लूप. आकड्यांत इतका गोंधळ दिसला की शेवटी धागा काढायचं ठरवलं.

माझं आतापर्यंतचं मत असं आहे की आपण फंक्शनांच्या नावांची शर्यत लावतो आणि खरा फरक असतो बरोबरीच्या कसोटीत. मेमक्यू, मेमक्यूएल आणि मेंबर तिघंही यादी एकाच पद्धतीने चालतात: कार (समोरचा घटक) बघ, जुळलं नाही तर कुडर (उरलेली यादी) धर, पुढे हो. फरक फक्त "जुळलं" कशाला म्हणायचं याचा. ईक्यूला दोन पत्ते ताडून बघायचे असतात, काम संपलं. ईक्यूएल त्याहून थोडं जास्त करतं, कारण पत्ते वेगळे निघाले तर दोन्ही बाजूंना अपूर्णांक किंवा फार मोठे पूर्णांक आहेत का हे त्याला बघावं लागतं. ईक्वलला मात्र आत उतरावं लागतं. स्ट्रिंग असेल तर अक्षरं, यादी असेल तर यादीतली यादी.

स्कीम या लिस्पच्या बोलीत हीच गोष्ट नावांतच उघड दिसते. मेमक्यू, मेमव्ही, मेंबर. जोड्यांच्या यादीत किल्लीवरून शोधणारी असक्यू, असव्ही, असॉक. तीन कसोट्या, दोन प्रकारचे शोध. कॉमन लिस्प या दुसऱ्या बोलीने वेगळी वाट धरली. तिथल्या प्रमाण नियमांत मेमक्यू नाहीच, एकच मेंबर आहे, त्याची कसोटी मुळात ईक्यूएल, आणि दुसरी हवी असेल तर :टेस्ट देऊन सांगायची. त्यामुळे ईमॅक्समधला मेंबर आणि कॉमन लिस्पमधला मेंबर नावाने एक असले तरी एकच काम करत नाहीत. दोघांचे वेग शेजारी ठेवून बोलणाऱ्यांनी एवढं तरी आधी बघावं.

तुम्ही लोक काय वापरता, आणि मोजता कसं?

शेपटी

चांगला विषय. कसोटीबद्दल सहमत, पण एक गोष्ट राहिली. ही फंक्शनं वेगवेगळं उत्तर देतात, आणि वेगाची अर्धी गडबड तिथून येते.

मेंबर सापडलेल्या घटकापासून पुढची सगळी यादी देतं, म्हणजे शेपूट. फाइंड घटकच देतं. पोझिशन कितवा ते सांगतं, मोजणी शून्यापासून. आता "आहे की नाही" एवढंच विचारायचं असेल तर मेंबर पुरतं, आणि सुरक्षितही आहे. यादीत निल हाच घटक असेल आणि तुम्ही निलच शोधत असाल, तर फाइंड निल देईल. सापडला म्हणून निल की नाही म्हणून निल? कळायला मार्ग नाही. मेंबरला ही अडचण नाही, कारण निलपासून सुरू होणारं शेपूट रिकामं नसतं.

आता सीएल-फाइंड. ईमॅक्समध्ये त्याचा कोड उघडून बघा, चार ओळींचा आहे. आत ते आधी सीएल-पोझिशनला बोलावतं, क्रमांक मिळाला की ईएलटी वापरून त्या क्रमांकाचा घटक काढून आणतं. यादीवर ईएलटी म्हणजे परत पहिल्यापासून चालत जाणं. शोधलेला घटक ५,०००वा असेल तर ५,००० पावलं शोधताना आणि तेवढीच पुन्हा आणताना. शिवाय सीएल-पोझिशन लिस्पमध्ये लिहिलेलं आहे, मेमक्यू आणि मेंबर सी भाषेत. म्हणजे तुमच्या तुलनेत एका बाजूला सीमधला सरळ लूप आणि दुसऱ्या बाजूला कीवर्ड उलगडणारं, दोनदा चालणारं लिस्प फंक्शन होतं. सेक-कंटेन्स-पीचं तर जेनेरिक फंक्शन आहे. आधी समोर यादी आहे की व्हेक्टर हे ठरवतं, मग प्रत्येक घटकासाठी तुलनेचं फंक्शन बोलावतं. यांच्यात जे अंतर दिसतं ते शोधाच्या पद्धतीचं नाही, भोवतालच्या सामानाचं आहे.

निळीशाई

वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मोजपट्टी

"मोजता कसं" या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण मी यात एकदा पुरता फसलोय.

एसबीसीएलमध्ये (कॉमन लिस्पचा एक कंपायलर) दहा हजार घटकांची यादी, तीत फाइंडने हजार वेळा शोध, भोवती वेळ मोजणारं टाइम. उत्तर आलं शून्य. मला वाटलं घड्याळ जाडंभरडं आहे. हजाराचे दहा लाख केले, तरी वेळ जवळजवळ शून्यच. मेंबरचंही तेच. मी तेव्हा "दोन्ही सारखेच वेगवान" असं लिहूनही टाकलं होतं. काही दिवसांनी त्याच फंक्शनवर डिसअसेंबल चालवलं आणि समोर आलेला मशीन कोड वाचला. लूपचा गणक वाढत होता, मर्यादेशी ताडला जात होता, मागे उडी मारली जात होती. मध्ये काहीच नव्हतं. शोधाचं उत्तर मी कुठेच वापरत नव्हतो, आणि फाइंडचे दुष्परिणाम नाहीत हे कंपायलरला माहीत असतं. त्याने शोध उचलून फेकून दिला होता. मी रिकामा लूप मोजत बसलो होतो.

तेव्हापासून उत्तर कुठेतरी जमा करतो. सापडलं तर गणक एकने वाढवायचा आणि शेवटी तो गणक परत द्यायचा, एवढं पुरतं. दुसरं म्हणजे घटक आणि यादी दोन्ही कोडमध्ये जशीच्या तशी लिहायची नाहीत. दोन्ही स्थिर असतील तर कंपायलर उत्तर कंपाइल होतानाच काढून ठेवू शकतो. फक्त यादी स्थिर आणि छोटी असेल, तर मेंबरचा लूप मोडून तो ईक्यूच्या सरळ रांगेत बदलू शकतो. तो वेग खरा आहे, पण तो तुमच्या चालत्या यादीला मिळणार नाही.

ईमॅक्समध्ये आणखी एक सापळा. स्क्रॅच बफरमध्ये ओळीच्या शेवटी जाऊन ती चालवली की कोड कंपाइल न होता इंटरप्रिट होतो. मेमक्यूला त्याचा फारसा त्रास नाही, ते सीमध्येच आहे. पण तुमच्या डूलिस्टला प्रत्येक फेरीत भुर्दंड पडतो. उघडा_कंस, तुमचा हाताने लिहिलेला लूप किती मागे होता? मोजताना बेंचमार्क-रन वापरलंत की बेंचमार्क-रन-कंपाइल्ड?

आणि बेंचमार्क-रन तीन आकडे देतं, लोक पहिलाच वाचतात. पहिला एकूण वेळ, दुसरा कचरासफाई (न लागणारी मेमरी परत घेणं) किती वेळा झाली, तिसरा त्या सफाईत गेलेला वेळ. जीसी-कॉन्स-थ्रेशोल्ड मुळात ८,००,००० बाइट असतो, तेवढं वाटप झालं की सफाईची वेळ येते. ती कुठल्या फंक्शनच्या वाट्याला येईल हा योगायोग. प्रत्येक मोजणीआधी गार्बेज-कलेक्ट हाताने चालवा.

उघडा_कंस

@मोजपट्टी, बेंचमार्क-रनच वापरलं होतं, कंपाइल न करता. आता कंपाइल करून पुन्हा चालवलं. हाताचा लूप बराच पुढे सरकला, मेमक्यूच्या मागे आहे पण सेक-कंटेन्स-पीच्या पुढे गेला. म्हणजे माझा अर्धा गोंधळ मोजणीचाच होता. मनापासून आभार.

कंपायलरबद्दल आणखी एक सापडलं. ईमॅक्सचा बाइट-कंपायलर मेंबरकडे बघून, शोधायचा घटक स्थिर सिंबॉल (लिस्पमधलं नाव) आहे असं दिसलं, तर स्वतःच त्याचं मेमक्यू करतो. सिंबॉल एकाच नावाचा एकच असल्यामुळे उत्तर बदलत नाही. यादी स्थिर असून तीत फक्त सिंबॉल असतील तरी तसंच. त्यामुळे अशा ठिकाणी "मेंबर विरुद्ध मेमक्यू" मोजणारा माणूस मेमक्यूची मेमक्यूशीच शर्यत लावत असतो.

नवशिका

एक बाळबोध प्रश्न. मी आकड्यांच्या याद्यांवर काम करतो. आकडे तर साधे असतात, मग सगळीकडे मेमक्यू वापरलं तर काय बिघडतं?

उघडा_कंस

@नवशिका, अजिबात बाळबोध नाही, याच जागी माणसं अडकतात.

ईमॅक्समध्ये छोटे पूर्णांक, म्हणजे फिक्सनम, वेगळी वस्तू म्हणून मेमरीत राहतच नाहीत. किंमत त्या शब्दातच भरलेली असते, म्हणून ईक्यू चालतं. ६४ बिटच्या मशीनवर ही मर्यादा २,३०५,८४३,००९,२१३,६९३,९५१ पर्यंत जाते, रोजच्या कामात कोणी तिथे पोचत नाही. पण २७व्या आवृत्तीपासून ईमॅक्समध्ये त्यापलीकडचे पूर्णांकही आले, आणि ते वेगळ्या वस्तू असतात. तिथे ईक्यू फसतं, ईक्यूएल लागतं. अपूर्णांकांचं तर नेहमीच तसं. १.५ आणि १.५ ईक्यूने ताडले तर निल येऊ शकतं.

कॉमन लिस्पमध्ये याहून कडक आहे. तिथले प्रमाण नियम आकडे आणि अक्षरं यांवर ईक्यूची कसलीच हमी देत नाहीत. म्हणूनच मेंबर, फाइंड, असॉक सगळ्यांची मूळ कसोटी ईक्यूएल ठेवलीय. आणि यात वेगाचं नुकसान होतंच असं नाही. घटक फिक्सनम किंवा सिंबॉल आहे हे तुम्ही जाहीर केलंत, तर एसबीसीएल ईक्यूएलच्या जागी आपणहून ईक्यूची तुलना घालतं. कसोटी बरोबर निवडा, प्रकार जाहीर करा, उरलेलं कंपायलरवर सोडा.

स्ट्रिंगवर ईक्यू नकोच. ईमॅक्समध्ये रिकामी स्ट्रिंग मात्र एकच असते, त्यामुळे दोन रिकाम्या स्ट्रिंग ईक्यूने जुळतात. माझ्या पहिल्या चाचणीत योगायोगाने रिकामी स्ट्रिंगच होती, टी (म्हणजे "होय") आलं, आणि मला वाटलं की स्ट्रिंगवर ईक्यू चालतं.

रेखाटन

आमच्याकडे, म्हणजे ऑटोकॅड या आरेखनाच्या प्रोग्राममधल्या ऑटोलिस्पमध्ये, प्रश्न तोच पण साधनं कमी. हॅश टेबल (किल्लीवरून थेट खण गाठणारी रचना) भाषेत नाहीच, म्हणून याद्यांवरचा शोध टाळता येत नाही.

एंटगेटने वस्तूची माहिती घेतली की जोड्यांची यादी येते, आणि असॉक ८ म्हटलं की लेयरची जोडी मिळते. यादी छोटी, इथे वेगाची चिंता करू नये. पण पॉलिलाइनमध्ये प्रत्येक बिंदूसाठी १० क्रमांकाची वेगळी जोडी असते आणि असॉक पहिलीच देऊन थांबतं. सगळे बिंदू हवेत म्हणून काही जण सापडलेली जोडी काढून पुन्हा असॉक चालवतात. त्यापेक्षा मेंबरचं शेपूट धरावं. असॉकने मिळालेली जोडी मेंबरला द्यायची, मिळालेल्या शेपटाचा कुडर घ्यायचा आणि तिथून पुढे शोधायचं. चाललेली वाट पुन्हा चालावी लागत नाही. @शेपटी म्हणाले त्या शेपटाचा माझ्या कामातला हा सगळ्यात मोठा उपयोग.

दुसरी अडचण निर्देशांकांची. मेंबर काटेकोर तुलना करतं. दोन रेषांची टोकं डोळ्यांना एकाच जागी दिसतात, पण दशांशात कुठेतरी शेवटी फरक असतो आणि मेंबर निल देतं. तिथे व्हीएल-मेंबर-इफ घेऊन आत ईक्वलला तिसरा आकडा, म्हणजे चालेल इतका फरक, द्यावा लागतो. प्रत्येक घटकासाठी लॅम्डा (बिननावाचं फंक्शन) बोलावला जातो, साहजिकच हळू. हा हळूपणा मी आनंदाने घेतो, कारण दुसऱ्या वाटेने उत्तरच चुकतं.

व्हीएल-पोझिशन की मेंबर यावर फार वाद झालेले पाहिलेत. क्रमांक हवा असेल तिथे पोझिशन, पुढची यादी हवी तिथे मेंबर, एवढंच मी बघतो. शून्य हे उत्तर लिस्पमध्ये खरं मानलं जातं, खोटं फक्त निल, त्यामुळे पहिल्याच जागी सापडलं तरी इफ बरोबर चालतं. दुसऱ्या भाषांतून आलेल्यांना इथे उगाच भीती वाटते.

शेपटी

@रेखाटन, पॉलिलाइनचं उदाहरण फार आवडलं.

आता मूळ धाग्याला थोडा विरोध. "खरा फरक कसोटीत" हे छोट्या यादीपुरतं खरं. यादी मोठी झाली की कॉन्स सेल (यादीचे दुवे) मेमरीत कुठे पडल्यात हे कसोटीपेक्षा भारी पडतं.

६४ बिटवर एक कॉन्स सेल म्हणजे १६ बाइट, कारसाठी ८, कुडरसाठी ८. बहुतेक प्रोसेसर मेमरीतून ६४ बाइटची ओळ एकदम उचलतात. ताजी, एका दमात बनवलेली यादी सलग पडलेली असते. एका उचलीत चार सेल येतात आणि पुढच्या ओळीचा अंदाजही प्रोसेसरला येतो. हीच यादी कॉमन लिस्पच्या सॉर्टने लावून घ्या. एसबीसीएल याद्या मर्ज सॉर्टने लावतं, म्हणजे सेल जागच्या जागी राहतात, फक्त कुडर बदलतात. आता यादीचा क्रम एक आणि मेमरीतला क्रम दुसरा. प्रत्येक पावलाला वेगळीकडे उडी. घटक तेच, संख्या तीच, कसोटी ईक्यूच, आणि यादी कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत) मावत नसेल तर शोध स्पष्ट हळू होतो. कॉपी-लिस्टने प्रत काढा, सेल पुन्हा सलग येतात, वेग परत येतो. करून बघा, दोन ओळींचा प्रयोग आहे.

उघडा_कंस

केला. यादी छोटी असताना फरक दिसला नाही. दहा लाख घटकांवर मात्र लगेच दिसला, आणि प्रत काढल्यावर गेला. हे मला अजिबात माहीत नव्हतं. माझं वाक्य मी दुरुस्त करतो: कसोटी, आणि मोठ्या यादीत मेमरीतली मांडणी.

निळीशाई

मला वाटतं आपण मूळ कमांडपासून लांब चाललोय. शब्दांची यादी वाढवत नेताना प्रत्येक नवा शब्द आधीच्या सगळ्यांशी ताडावा लागतो. दुसऱ्याला १ तुलना, तिसऱ्याला २, असं करत १०,००० वेगळ्या शब्दांना ४,९९,९५,००० तुलना. त्याच शब्दांची पुनरावृत्ती होते तेव्हाच्या तुलना वेगळ्याच. कसोटी दुप्पट वेगवान केलीत तरी शब्द दुप्पट झाले की काम चौपट होतं. इथे मेमक्यू की मेंबर हा प्रश्नच नाही, इथे हॅश टेबल हवं, कसोटी ईक्वल.

मोजपट्टी

सहमत, पण "यादी दिसली की हॅश" असंही करू नये. हॅशला दरवेळी आधी किल्लीची हॅश काढावी लागते, मग खण शोधावा लागतो. छोट्या यादीत तेवढ्या वेळात शोध संपलेला असतो. ईमॅक्स लिस्पच्या मॅन्युअलमध्येच म्हटलंय की काही दशक घटकांपर्यंत जोड्यांची यादी हॅश टेबलपेक्षा वेगवान असू शकते. आणि यादीतले दुहेरी घटक काढणाऱ्या डिलीट-डप्सचा कोड बघा. यादी १०० घटकांहून लांब असेल तरच ते हॅश टेबल बनवतं, नाहीतर साधी तुलना करत जातं. लिहिणाऱ्यांनी सीमारेषा कुठे आखली याचा तो चांगला नमुना आहे.

शिवाय स्ट्रिंगवरचं ईक्वल वाटतं तितकं महाग नाही. आधी लांबी ताडली जाते, ती जुळली नाही तर अक्षरांना हातच लागत नाही.

किती वेळा सापडतं आणि किती वेळा नाही, हेही बघा. सापडणारं सरासरी अर्ध्या यादीत मिळतं, न सापडणाऱ्यासाठी दरवेळी पूर्ण यादी. मी पहिला, मधला, शेवटचा आणि नसलेला असे चार घटक वेगवेगळे मोजतो. फक्त पहिला मोजला तर सगळीच फंक्शनं सुंदर दिसतात.

शेपटी

अवांतर: लिस्पचे जनक मॅकार्थी यांच्या १९६० च्या लेखातला इव्हॅल (लिस्पचा कोड चालवणारं फंक्शन) चलांच्या किमती जोड्यांच्या यादीत ठेवतो आणि असॉकने शोधतो. म्हणजे लिस्पमध्ये यादीतला शोध हे भाषा स्वतः चालण्याचंच साधन होतं. नवी जोडी यादीच्या तोंडाशी जोडली की तीच आधी सापडते, जुनी मागे झाकली जाते. आजही असॉकच्या यादीत नुकतं घातलेलं लवकर सापडतं ते यामुळेच. ज्यांचा वापर जास्त त्या जोड्या पुढे ठेवल्या तर फंक्शन न बदलता शोध हलका होतो.

नवशिका

सगळं दोनदा वाचलं. माझ्या कोडमध्ये सीएल-फाइंड अकरा ठिकाणी होतं. त्यातल्या नऊ ठिकाणी मला फक्त "आहे का" एवढंच हवं होतं, तिथे मेंबर घातलं. त्या नवांपैकीच एका ठिकाणी यादीत निल असायचा आणि माझा कोड अधूनमधून चुकायचा, त्याचं कारण आज कळलं. उरलेल्या दोन ठिकाणी :की देऊन (घटकाच्या एका भागावर) शोध आहे, ती तशीच ठेवली.

उघडा_कंस

@नवशिका, निलची चूक सापडली हे वाचून फार बरं वाटलं.

माझी कमांड आता अशी आहे. शब्द पाहिलाय का, हे ईक्वल कसोटीच्या हॅश टेबलात बघतो. क्रम टिकावा म्हणून नवा शब्द पुशने वेगळ्या यादीत घालतो आणि शेवटी एनरिव्हर्सने ती उलटवतो. त्या यादीत आता शोध घेतच नाही. वगळायच्या शब्दांची वीसेक घटकांची यादी आहे, तिथे मेंबरच ठेवलं, आणि "आणि" तीत सगळ्यात पुढे आणून ठेवला. ज्या मजकुरावर आधी थांबून राहावं लागायचं, त्यावर आता कळ दाबली की यादी समोर येते.

@शेपटी, दहा लाखांची यादी लावल्यावर मध्ये कचरासफाई झाली तर एसबीसीएल सेल हलवतं ना? मग ते यादीच्या क्रमाने पुन्हा सलग होतात का, हे उद्या मोजून इथेच लिहितो.